बावीस पॉइंट शून्य सहा

आमच्या सोसायटीत गाडी नसलेला माणूस आता औषधालाही सापडत नाही. पण स्वतःच्या गाडीचं ॲव्हरेज दोन दशांश स्थळांपर्यंत तोंडपाठ असलेला माणूस एकच. अण्णा. बँकेतून निवृत्त. तेही संगणक यायच्या आधी बँकेत लागलेले, म्हणजे दिवसाचा मेळ बसल्याशिवाय घरी न जाणाऱ्या पिढीतले. एका रुपयाचा फरक सापडेना म्हणून रात्री दहापर्यंत लेजरं उलटीपालटी करणारी ही माणसं. लिटरमागे सहा किलोमीटरची तूट ती कशी राइट-ऑफ करणार?

तूट कसली, ते सांगतो. अण्णा गाडी घ्यायला शोरूममध्ये गेले, तेव्हा टाय लावलेल्या एका मुलानं त्यांना रंग, टचस्क्रीन, मागचा कॅमेरा असं बरंच काही दाखवलं. अण्णांनी एकच विचारलं, "देते किती?" मुलगा म्हणाला, "बावीस पॉइंट शून्य सहा, सर. एआरएआय सर्टिफाइड." नुसतं 'बावीस' म्हणाला असता, तर विकणाऱ्याच्या तोंडचं म्हणून अण्णांनी त्यातले चार तिथल्या तिथे वजा केले असते. घात केला तो त्या शून्य सहानं. ज्यानं किलोमीटरचा शंभरावा भाग मोजलाय, तो माणूस अख्खे सहा किलोमीटर कसे चुकेल? अण्णांनी सही केली. पहिल्या टाकीला गाडीनं सोळा पॉइंट दोन दिलं.

इंजिन नवं आहे, जरा सुटू दे, म्हणून ते पहिल्या सर्व्हिसिंगपर्यंत थांबले. मग तिसऱ्यापर्यंत. वॉरंटी संपली तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं की इंजिन केव्हाच सुटलंय, अडकलोय ते आपण.

इथे एक गैरसमज आधीच दूर केलेला बरा. अण्णा कंजूष नाहीत. गणपतीच्या वर्गणीची पावती ते आकडा न विचारता फाडतात, आणि हॉटेलात बिल आलं की सगळ्यात आधी त्यांचाच हात पुढे येतो. काकूंनी एकदा सगळा हिशेबच मांडला होता. गाडी महिन्याला फिरते तीनशे किलोमीटर. बावीसच्या जागी सोळा धरले तर पाच लिटर पेट्रोल जास्त, म्हणजे पाचशे रुपये. त्यांनी पर्समधून पाचशेची नोट काढून डॅशबोर्डवर ठेवली आणि म्हणाल्या, "हे माझ्याकडून घ्या, पण एसी लावा." अण्णा म्हणाले, "प्रश्न पैशाचा नाही." खरोखरच नाही. पैसे गेले तर खर्ची पडतात आणि विषय संपतो. न जुळलेला आकडा मात्र सस्पेन्स खात्यात पडून राहतो, आणि सस्पेन्स खातं उघडं ठेवून अण्णांना झोप येत नाही.

त्यात दैवानं केलेली चेष्टा अशी की अण्णा राहतात कोथरूडात, वेताळ टेकडीच्या पायथ्याशी. ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही १९६६ साली स्थापन झालेली संस्था याच टेकडीवर आहे. फिरायला जाणारी माणसं टेकडीच्या त्या भागाला 'एआरएआय टेकडी'च म्हणतात. ज्या आद्याक्षरांनी अण्णांचं स्वास्थ्य घालवलं, तीच रोज सकाळी त्यांच्या फिरण्याच्या वाटेवर उभी. बाकीचे लोक टेकडीवर मोर बघतात. अण्णा फाटक बघतात.

एके सकाळी फिरायला येणाऱ्यांतले एक गृहस्थ वाहनचाचणीच्याच क्षेत्रात हयात घालवलेले निघाले. अण्णांनी त्यांना कट्ट्याजवळ गाठलं. मी शेजारीच होतो.

"चाचणी कुठल्या रस्त्यावर घेता?" अण्णांनी उलटतपासणी सुरू केली.

"रस्त्यावर नाही, खोलीत. चाकं रोलरवर ठेवतात. चाकं फिरतात, गाडी जागच्या जागी."

"म्हणजे गाडी कुठेच जात नाही?"

"नाही."

"मग किलोमीटर कुठले?"

"रोलर किती फिरला त्यावरून. वाऱ्याचा आणि टायरचा विरोध किती, ते आधी मोकळ्या ट्रॅकवर काढून ठेवलेलं असतं. तेवढा भार रोलरला देतात."

अण्णांनी हे कसंबसं गिळलं. "बरं. पेट्रोल तरी टाकी फुल टू फुल मोजता ना?"

"टाकीकडे कोण बघतंय? मागून निघालेला धूर पिशव्यांत धरतात आणि त्यात कार्बन किती ते मोजतात. जेवढा कार्बन बाहेर पडला, तेवढा पेट्रोलमधूनच आत गेलेला असणार. त्यावरून लिटर काढायचे."

अण्णा कट्ट्यावर बसले. "म्हणजे माणूस किती जेवला, ते ढेकरेवरून ठरवायचं?"

"ढेकर फार अचूक मोजतात हो," गृहस्थ म्हणाले.

पुढचं सगळं त्यांनी तितक्याच शांतपणे सांगितलं. या परीक्षेला म्हणतात मॉडिफाइड इंडियन ड्रायव्हिंग सायकल. युरोपच्या जुन्या परीक्षेवर बेतलेली. एकूण ११८० सेकंद, म्हणजे वीस मिनिटांना वीस सेकंद कमी. तेवढ्यात साडेदहा किलोमीटर आणि वर थोडं. आधी शहराचा तुकडा, तोच चार वेळा, वेग ५० च्या वर नाही. मग हायवेचा तुकडा, वेग ९० च्या वर नाही. खोलीचं तापमान २० ते ३० अंश. एसी बंद. चालवणाऱ्यासमोर पडद्यावर वेगाची रेघ सरकत असते, आपला वेग त्या रेघेवर ठेवायचा, एवढंच त्याचं काम. सिग्नलही आहेत, नाही असं नाही. शहराच्या चार फेऱ्यांत मिळून चारेक मिनिटं गाडी नुसती उभी असते. पण ते सिग्नल असे की सुटायच्या आधीच मागून कोणी हॉर्न वाजवत नाही आणि डावीकडच्या फटीतून रिक्षा घुसत नाही. सगळा मिळून सरासरी वेग ताशी बत्तीस किलोमीटर. कर्वे रोडवर हा वेग हवा असेल तर पहाटे चारला निघावं लागेल.

गृहस्थांचं म्हणणं सरळ होतं. परीक्षा तुम्हाला रस्त्यावर किती मिळेल हे सांगायला नाहीच. सगळ्या गाड्यांना एकच पेपर द्यायचा, एकाच खोलीत, एकाच वेगानं, म्हणजे कोण कमी खातं आणि कोण जास्त, ते कळतं. दोन गाड्या शेजारी ठेवून बघा, आकडा खोटं बोलत नाही. मला हे पटलं. पण अण्णांनी विचारलं, "मग तोच आकडा जाहिरातीत एवढा मोठा कशाला छापता?" त्यावर गृहस्थ मोराकडे बघू लागले. छापणारे ते नव्हतेच म्हणा. पण छापणारे फिरायला टेकडीवर येत नाहीत, ही अण्णांची अडचण आहे.

या भेटीचा परिणाम भलताच झाला. पेपर फुटला, असं अण्णांनी धरलं. प्रश्नपत्रिका हाती आली तर सोडवायला काय हरकत आहे? त्या चाचणीत एके ठिकाणी शून्यापासून पन्नासपर्यंत जायला २६ सेकंद दिलेले आहेत, हे त्यांनी कुठूनसं शोधून काढलं आणि दुसऱ्याच दिवशी कर्वे रोडवर अंमलात आणलं. नळस्टॉपला हिरवा दिवा लागला की अण्णा मनातल्या मनात मोजू लागतात. सातव्या सेकंदाला गाडी चौकाच्या मध्यावर. तेराव्याला वेग पंचवीस आणि मागे सबंध एरंडवण्याचा घोष. सव्विसावा सेकंद अण्णांना कर्वे रोडवर अजून दिसलेला नाही, कारण त्याआधी पुढचा सिग्नल येतो. एकदा स्कूटरवरच्या एका मुलीनं काचेजवळ येऊन काळजीनं विचारलं, "काका, बरं वाटत नाहीये का?"

टायरमधली हवा ते सूर्य वर यायच्या आत तपासतात, कारण टायर तापला की प्रेशर चढतं आणि गेज फसवतो. हे शास्त्राला धरून आहे. डिकीतून छत्री, सतरंजी आणि नातवाचा बॅट-बॉल बाहेर काढणं मात्र शास्त्रापेक्षा श्रद्धेत जास्त मोडतं. मे महिन्यात एसीऐवजी खिडक्या उघडल्या जातात; साठच्या वर वेग गेला की उघड्या खिडकीतलं वारं गाडीला मागे ओढतं, म्हणून मग खिडक्याही बंद. अशा एका दुपारी लक्ष्मी रोडवरून घरी परतताना काकू डेक्कनला उतरल्या आणि म्हणाल्या, "मी रिक्षानं येते." अण्णांनी थांबवलं नाही. वहीत नोंद केली: 'डेक्कनपासून एक प्रवासी कमी.'

खरा रोग त्यांच्या मेकॅनिकनं केव्हाच सांगितलाय. "काका, तुमची गाडी तापायच्या आत घरी येते." थंड इंजिनाला पेट्रोल जास्त लागतं, आणि अण्णांच्या फेऱ्या म्हणजे भाजी, दूध, बँकेत पासबुक भरणं आणि औषधांचं दुकान. सगळं दोन किलोमीटरच्या आत. ही कामं पायी केली तर ॲव्हरेज सुधारेल, हे अण्णांना मान्य आहे. पण मग ॲव्हरेज काढायला गाडी फिरायला हवी ना, हा त्यांचा प्रतिप्रश्न.

अण्णांचा खरा कस लागतो पेट्रोल पंपावर. पंप ठरलेला, त्यातलं मशीनही ठरलेलं, कारण गाडीचा कल जरा बदलला की नोझल आधी किंवा नंतर कट होतं. शेजारची रांग रिकामी असली तरी अण्णा आपल्याच मशीनसमोरच्या रांगेत उभे राहतात. "झीरो बघा, साहेब," मुलगा म्हणतो. अण्णा झीरो बघतात, घड्याळ बघतात, ओडोमीटरचा फोटो काढतात. मग नोझल कट होतं आणि युद्धाला तोंड फुटतं.

"राउंड फिगर करू, साहेब?"

"अजिबात नाही."

"अठराशे सदतीस झालेत. अठराशे पन्नास करतो की."

"कट झालं की थांबायचं! एक थेंब नको."

पंपावरच्या पोरांच्या मते सुटे पैसे बाळगणारं हे गिऱ्हाईक वेडं आहे. अण्णांच्या मते राउंड फिगर ही या देशाची विज्ञानाबद्दलची वृत्ती आहे. मी याबाबतीत अण्णांच्या बाजूचा आहे. टाकी फुल करायची, गाडी फिरवायची, पुन्हा तशीच फुल करायची आणि मधल्या किलोमीटरना लिटरनी भागायचं, याहून चांगली पद्धत घरबसल्या दुसरी नाही. डॅशबोर्डवरचा आकडा बहुधा मालकाचं मन राखतो. पण एकाच टाकीवर विसंबू नये, चार-पाच टाक्यांची बेरीज करावी, हे अण्णाच इतरांना सांगतात. आणि तरी एकदा वहीत चोवीस पॉइंट तीन आलं तेव्हा त्यांनी सोसायटीत पेढे वाटले. पुढच्या टाकीला अकरा पॉइंट नऊ. नोझल आदल्या वेळी लवकर कट झालं होतं, एवढाच त्याचा अर्थ. दोन्ही टाक्यांचे किलोमीटर आणि लिटर एकत्र केले तर पुन्हा सोळा पॉइंट सात. हे गणित अण्णांना येत नाही असं कोण म्हणेल? त्यांनी चोवीसला तांबड्या शाईनं चौकट केली आणि अकराच्या पुढे कंसात लिहिलं: 'पंपाची चूक'.

जगात इतरत्र काय चाललंय याची माहिती त्यांना जर्मनीतला भाचा पुरवतो. युरोपनं आपली जुनी परीक्षा २०१७ पासून बदलायला घेतली. नवी जास्त लांब, जास्त वेगाची, रस्त्याच्या जरा जवळची. जुन्या परीक्षेतल्या गाड्या २०१५ च्या सुमारास कागदापेक्षा सरासरी चाळीस टक्क्यांच्या वर जास्त इंधन खात होत्या, असं आयसीसीटी या संस्थेनं दाखवून दिलं होतं. अण्णांनी ताबडतोब कॅल्क्युलेटर काढला. "आपली छत्तीस टक्के जास्त खाते. म्हणजे युरोपपेक्षा बरी!" स्वतःच्या गाडीबद्दल त्यांना अभिमान वाटलेला मी तेव्हा प्रथम पाहिला. अमेरिकेची हकिकत तर त्यांची विशेष आवडती. २०१२ साली ह्युंदाई आणि किआ यांनी तिथे छापलेले आकडे जास्त होते हे मान्य केलं आणि गिऱ्हाइकांना जादा पेट्रोलच्या पैशांची भरपाई कार्डावर पाठवली. "आपल्याकडे काय देतील?" अण्णा विचारतात आणि आपणच उत्तर देतात, "की-चेन."

एकदा कोल्हापूरच्या वाटेवर काकू आणि मी त्यांच्याबरोबर होतो, अंबाबाईच्या दर्शनाचं निमित्त करून. अण्णांचे व्याही तिकडे कागलजवळ राहतात. प्रवासाची हकिकत लांबवत नाही. वेग ऐंशी, खिडक्या बंद, एसी बंद, आणि ट्रक आपल्याला ओव्हरटेक करून जातात तेव्हा त्यांच्या मागे लिहिलेलं सावकाश वाचायला मिळतं. खंबाटकीच्या उतारावर अण्णांचा हात सवयीनं न्यूट्रलकडे गेला आणि मधेच थबकला. फियाटच्या काळात ते घाट न्यूट्रलवर उतरत. हल्लीच्या इंजेक्शनच्या इंजिनाला उतारावर गाडी गिअरमध्ये असताना पाय उचलला की पेट्रोल जवळपास बंदच होतं, उलट न्यूट्रलला इंजिन चालू ठेवायला ते लागतं. शिवाय ब्रेकवर भार येतो तो वेगळाच. हे कळल्यापासून आपण किती घाटांत किती पेट्रोल वाया घालवलं, याचा मागचा हिशेब काढायचं अण्णांच्या मनात आहे.

व्याह्यांना सगळे आबा म्हणतात. उसाची शेती, दारात मोठी डिझेल गाडी. चहा यायच्या आत अण्णांनी विषय काढला.

"आबा, तुमच्या उसानं माझं ॲव्हरेज खाल्लं."

"आँ? उसानं?"

"पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आलंय ना आता. लिटरला लिटर धरलं तर इथेनॉलात ताकद तिसऱ्या हिश्शानं कमी. जुन्या गाड्यांचं सहा-सात टक्के जाणार, हे नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच लिहिलंय."

"लिवलं आसंल की. पर इथेनॉल हाय म्हणून कारखान्याचं बिल येळंवर मिळाया लागलंय." आबांनी कप पुढे सरकवला. "आमच्या उसाला नावं ठिवताय व्हय? मग च्या बिनसाखरेचा आणू?"

अण्णांनी साखरेचा चहा घेतला. सहा-सात टक्के गेले हे खरं धरलं तरी उरलेल्या तुटीचं काय, ते आबांनी विचारलं नाही आणि अण्णांनी काढलं नाही. मग आबा दाराबाहेर उभ्या असलेल्या दोन्ही गाड्यांकडे बघत आरामात टेकले.

"त्ये ऱ्हाऊ द्या, पाव्हणं. आमची ही एवढी धूड, पर चोवीसच्या खाली याला तयारच न्हाई. तुमची किती देतीया?"

मी अण्णांकडे बघितलं. पुण्याहून येताना वाटेत टाकी फुल झाली होती, वहीत आकडा पडला होता, आणि तो मी मागच्या सीटवरून वाचला होता. सतरा पॉइंट चार. ज्या माणसानं कंपनीला सोळाच्या आकड्याची चार पत्रं लिहिली, शोरूमच्या मॅनेजरला वही दाखवली, टेकडीवर एका सज्जनाचं फिरणं नासवलं, तो माणूस आता दारात उभ्या गाडीकडे आपल्या लेकराकडे बघावं तसा बघत होता.

"हायवेला बावीस," अण्णा म्हणाले. "आरामात."

"चांगली हाय," आबा म्हणाले.

त्या रात्री माडीवर आमची अंथरुणं शेजारी शेजारी होती. अण्णांनी वही काढली. इतरांच्या गाड्यांसाठी त्यात मागच्या बाजूला वेगळी पानं आहेत, दोन रकान्यांची, हे मला तेव्हा कळलं. त्यांनी लिहिलं: 'आबा, डिझेल. सांगितले २४. धरावे १७.' खाली आबा आपल्या मुलाला काहीतरी सांगत होते आणि दोघं हसत होते. त्यात 'सोळा' एवढंच मला नीट ऐकू आलं.

काकू पाण्याचा तांब्या घेऊन वर आल्या. "किती सांगितलीत हो आज? बावीस ना? दिवाळीला वीस सांगितली होतीत."

"वीस एसी लावून सांगितली होती," अण्णा म्हणाले.